शंभर यार्डांची सकाळ

हॉस्पिटलच्या मेडिकल रेकॉर्ड्समध्ये एकोणतीस वर्षं काढून अलका खानझोडे रिटायर झाली, तेव्हा तिच्या नवऱ्याला वाटलं, आता ही बागेत येईल. श्रीकांत भूलतज्ज्ञ होता. तो तिच्या आधी दोन वर्षं घरी बसला होता आणि हाउन्सलोतल्या त्यांच्या घरामागे त्याने टोमॅटोचं एवढं प्रस्थ वाढवून ठेवलं होतं, की हाताखाली कुणीतरी लागतच होतं. पण अलकाचं मन काही त्या मातीत रमेना. शेजारच्या ईलिंग कौन्सिलच्या लायब्ररीला माणसं हवी होती. ज्या वृद्धांना घराबाहेर पडता येत नाही, त्यांच्याकडे पुस्तकं नेऊन द्यायची, असं ते काम. तिने नाव दिलं. दर बुधवारी खांद्याला कापडी पिशवी, हातात बसचा पास आणि यादीतली पाच घरं.

यादीतलं चौथं घर हॅनवेलला होतं, रेल्वेच्या उंच कमानींच्या पुलाजवळ. अलका तिथे पहिल्यांदा गेली तो नोव्हेंबर होता. धुकं इतकं दाटलं होतं की पुलाच्या कमानी वर चढता चढता मध्येच संपत होत्या, आणि वरून जाणारी गाडी दिसत नव्हती, नुसती ऐकू येत होती. तीन पायऱ्या चढून तिने बेल वाजवली. दार उघडणाऱ्या मिस विनिफ्रेड पेल्हॅमचं वय चौऱ्याण्णव, हे यादीत होतं. तिची नजर मधोमध गेलेली आणि कडांना शाबूत आहे, हे मात्र यादीत नव्हतं. कुणाचा चेहरा बघायचा असला की ती त्याच्या कानापलीकडे बघायची.

तशीच अलकाच्या कानापलीकडे बघत ती म्हणाली, "तू धावपटू आहेस."

"नाही, मी लायब्ररीतून आलेय. तुमच्या टॉकिंग बुक्सच्या सीडी आणल्यात."

"ते कळलं गं. पण पायऱ्या चढताना तुझी टाच टेकली नाही. तीन पायऱ्या, तीनदा नुसता चवडा. माझे वडील असे चढायचे. आत ये, थंडी आत येतेय."

अलका आत गेली. पॅसेजमध्ये कोट काढता काढता तिचा हात बटणावरच थांबला. परक्या बाईचं एवढंसं बोलणं आपल्याला का लागावं, हे तिला समजत नव्हतं.

तसं कारण होतं. नागपूरला कॉलेजात असताना अलका शंभर मीटर पळायची. तेव्हा ती अलका वैरागडे होती. पहाटे मैदानावर जायचं, कॅनव्हासचे बूट, दोन वेण्या डोक्यावर घट्ट बांधलेल्या. साऱ्या विदर्भात तिला गाठणारी कुणी नव्हती. एकोणीसशे ऐंशीच्या हिवाळ्यात ती आंतरविद्यापीठ स्पर्धेच्या फायनलला उभी राहिली, आणि त्या दिवशी पिस्तूल वाजण्याआधीच तिला ते ऐकू आलं. खरंच ऐकू आलं, आजही ती शपथेवर सांगेल. ती सुटली आणि तिला परत बोलावण्यात आलं. दुसऱ्यांदाही तेच झालं. दोनदा आधी सुटणारी बाद, असा नियम. चुन्याच्या रेषेबाहेर उभं राहून तिने बाकीच्या सात मुलींची शर्यत पाहिली. जी जिंकली तिची वेळ अलकाच्या रोजच्या वेळेपेक्षा वाईट होती.

घरी आल्यावर वडिलांनी एवढंच विचारलं, "जेवलीस का?"

त्यानंतर ती मैदानावर गेली नाही. तिला कुणी अडवलं नव्हतं. तिचीच पावलं तिकडे वळली नाहीत. पुढे श्रीकांतशी लग्न झालं, पंच्याऐंशीत ती दोघं इंग्लंडला आली, अनुया झाली, नोकरी लागली. बस सुटत असली तरी अलका पळायची नाही, चालतच जायची. श्रीकांतला वाटायचं, हिचा स्वभावच शांत आहे. आणि आता केंब्रिजच्या लॅबमध्ये संशोधन करणाऱ्या अनुयाला तर आई कधी काळी पळत होती हेच माहीत नव्हतं.

त्या हिवाळ्यात बुधवारचं चौथं घर शेवटचं झालं, म्हणजे अलकाने ते शेवटी ठेवायला सुरुवात केली. दुसरीकडे दहा मिनिटं, इथे दोन तास. विनिफ्रेडने छत्तीस वर्षं मुलींच्या शाळेत भूगोल शिकवला होता आणि लग्न केलं नव्हतं. चहा अगदी फिका करायची, आणि वडिलांची गोष्ट तुकड्यातुकड्याने, मागचं पुढे करत सांगायची. त्यामुळे अलकाच्या मनात तो माणूस कधी म्हातारा होऊन यायचा, कधी तरुण होऊन.

अर्नेस्ट पेल्हॅम बेकरीत कामाला होता. पहाटे गरम पाव घेऊन दारोदार पळायचा, कारण पाव निवला की गिऱ्हाईक कुरकुरायचं. असा पळता पळता तो पहिल्या महायुद्धाच्या आधीच्या एका ऑलिंपिकपर्यंत पोचला आणि धावण्याचं सुवर्णपदक घेऊन आला. वर्ष तो कधी सांगायचा नाही. 'तो उन्हाळा' म्हणायचा. त्या उन्हाळ्यात म्हणे बेकरीबाहेर रस्ताभर माणसं उभी होती, आणि मालकाने त्या दिवसाचा सगळा पाव फुकट वाटला होता.

"मग पुढे?" अलकाने विचारलं.

"पुढे घोडा आला."

"घोडा?"

"समुद्रकाठच्या जत्रेत कुणीतरी पैज मारली. ऑलिंपिकवाला घोड्याबरोबर पळेल का? वडील पळाले. लोकांनी टोपीत चिल्लर टाकली, ती त्यांनी घेतली. तेव्हा नियम असा, की पळण्याचा एक पेनी जरी घेतला तरी तू हौशी राहिला नाहीस. त्यांचं नाव कायमचं कापलं."

"शर्यत घोड्याने जिंकली?"

"घोडा हरला. हरला म्हणूनच तर पेपरात आलं." विनिफ्रेड हसली. हसताना ती खिडकीकडे बघत होती, म्हणजे बहुधा अलकाकडे. "घोडा जिंकला असता तर कुणाला पत्ताही लागला नसता."

मग युद्ध आलं. अर्नेस्टचा सरावातला जोडीदार जॅक त्यात गेला. अर्नेस्ट परत आला, पण विषारी वायूने छाती निकामी होऊन. हाउन्सलोच्या बाजूला एका कारखान्याचं मैदान होतं, तिथे त्याला माळ्याचं आणि देखरेखीचं काम मिळालं. कोळशाच्या राखेचा ट्रॅक होता. तो रोज सकाळी त्यावर रूळ फिरवायचा, पाणी मारायचा आणि संध्याकाळी दुसऱ्यांना पळताना बघायचा. लहानगी विनिफ्रेड त्याच्यामागे फिरायची.

"मला आठवतो तो त्यांचा खिसा," ती म्हणाली. "कोटाच्या खिशात कायम एक छोटी खुरपी. पूर्वी पाय रोवायला ब्लॉक नव्हते ना. प्रत्येक जण आपापले खड्डे खणायचा."

अलकाने कप खाली ठेवला. "आम्हीपण खणायचो! नागपूरला. ब्लॉक होते कुठे आमच्याकडे? दोन खड्डे, एक पुढे एक मागे. आठ जणींत खुरपी एकच."

विनिफ्रेडनेही आपला कप बाजूला सारला. मग म्हणाली, "दाखव."

आणि चौसष्ट वर्षांची अलका त्या फुलाफुलांच्या कार्पेटवर गुडघा टेकून बसली. बोटं रेषेवर, मागचा पाय मागे. विनिफ्रेड खुर्चीतून हळूहळू उठून तिच्याजवळ वाकली. तिने दोन्ही हातांनी अलकाच्या पावलांमधलं अंतर वितीने मोजलं, खांदे चाचपले, पाठीवर तळवा ठेवला.

"कंबर वर. अजून वर. हं. आता श्वास घे."

खोलीत गॅसचा हीटर मंद आवाज करत होता. अलकाने डोळे मिटले, आणि खालच्या कार्पेटला ओल्या मातीचा वास यायला लागला.

निघताना विनिफ्रेडने कपाटातून एक वही काढली. तपकिरी पुठ्ठा, पेन्सिलीचं बारीक अक्षर. "वडिलांची. मला वाचता येत नाही त्याला दहा वर्षं झाली. पुढच्या बुधवारी वाचशील?"

वहीत मोठं तत्त्वज्ञान नव्हतं. चहा फिका घ्यावा. नडग्यांवर थंड पाणी मारावं. पुढचा खड्डा रेषेपासून चार बोटं मागे. टेकडीवर चढताना पळावं, उतरताना चालावं. अलका वाचायची आणि विनिफ्रेड ओठ हलवत सोबत म्हणायची, कारण बरंचसं तिला पाठच होतं. फेब्रुवारीतल्या एका बुधवारी पान आलं: पिस्तुलाची वाट बघू नये. वाट बघणाऱ्याला ते आधीच ऐकू येतं. जॅकला असं फार व्हायचं. मी त्याला सांगितलं, शेजारच्या माणसाचा श्वास मोज. पिस्तूल आपोआप येईल.

अलका वाचताना थांबली.

"काय झालं?" विनिफ्रेडने विचारलं.

तेव्हा अलकाने चाळीस वर्षांत पहिल्यांदा ती फायनल कुणाला तरी सांगितली. चुन्याची रेषा, सात मुली, परतीची गाडी, सगळं. विनिफ्रेडने तिला समजावलं नाही की तिची कीव केली नाही. ती म्हणाली, "म्हणजे तू एकटीच नव्हतीस. जॅकपण होता."

त्या आठवड्यापासून अलका सकाळी हाउन्सलो हीथच्या मोकळ्या माळावर जायला लागली. घरी सांगायची, फिरायला जाते. आधी चालायची, मग झुडपापासून बाकापर्यंत पळायची, मग बाकाच्याही पुढे. गवतावर दव असायचं आणि हीथ्रोला उतरणारी विमानं धुक्यातून अलगद खाली येताना दिसायची, जणू कुणी दोरीने सोडतंय. कधी कधी तिला वाटायचं, आपण पळत नाही आहोत. आपण उभ्याच आहोत, आणि झाडं मागे चाललीत.

तिसऱ्या आठवड्यात मांडीचा मागचा स्नायू धरला. ती लंगडत घरी आली. श्रीकांत टोमॅटोची रोपं खिडकीत मांडत होता.

"काहून लंगडतेस?"

"काही नाही हो. पळताना धरलं."

"पळताना? कशाच्या मागे?"

"कशाच्याच नाही."

त्याने फ्रीजरमधून मटारची पिशवी काढली, टॉवेलमध्ये गुंडाळून तिच्या मांडीखाली ठेवली आणि समोर बसला. मग तिने त्यालाही सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"अडतीस वर्षं माझ्यासोबत बस सोडून दिल्यास तू," तो शेवटी म्हणाला. "मला वाटायचं, हिला घाई आवडत नाही."

"नव्हतीच आवडत."

"वीस मिनिटं ठेव ती पिशवी. आणि दोन आठवडे पळायचं नाही. हे डॉक्टर म्हणून सांगतोय."

मे महिन्यात विनिफ्रेडने सांगितलेलं काम जरा वेगळं होतं. तिने सुवर्णपदकाचं काय झालं ते सांगितलं. अलकाने इतके दिवस विचारलं नव्हतं. पदक विकलं असेल, हरवलं असेल, असं तिने गृहीत धरलं होतं. पण अर्नेस्टने ते पुरलं होतं. मैदानाचं काम मिळाल्यावर पहिल्याच वसंतात त्याने चौथ्या लेनच्या सुरुवातीला, जॅक पूर्वी नेहमी ज्या लेनमधून सुटायचा तिथे, खोल खड्डा खणला आणि पदक त्यात ठेवून वर राख दाबली. आपल्या मुलीला त्याने हे अगदी म्हातारपणी सांगितलं. तोवर मैदान विकलं गेलं होतं, आणि आता तिथे सुपरमार्केटचा कार पार्क होता.

घरी हे ऐकून श्रीकांत म्हणाला, "मेटल डिटेक्टर लावला तर?" फोनवर अनुया म्हणाली, "आई, तिथे परमिशन काढावी लागेल, आणि तीसुद्धा मिळणार नाही."

"त्यांना ते काढायचं नाहीये," अलका म्हणाली. "त्यांना फक्त तिथे उभं राहायचंय."

रविवारी मोठी दुकानं उशिरा उघडतात. सकाळी नऊला कार पार्क रिकामा होता. ट्रॉल्या एकात एक घुसून झोपल्यासारख्या उभ्या होत्या. श्रीकांतने गाडी लावली आणि एका चॅरिटीकडून आणलेली व्हीलचेअर उघडली. विनिफ्रेडने गळ्याशी निळा स्कार्फ बांधला होता. तिने चौफेर मान फिरवली. पॉपलरची रांग नव्हती, पॅव्हेलियन नव्हतं. ओळखीचा एकच होता, पलीकडचा रेल्वेचा पूल.

"गाडी येऊ दे," ती म्हणाली.

तिघंही थांबली. चार-पाच मिनिटांनी गाडी आली. पुलावर चढताना तिचा आवाज बदलला, पोकळ झाला. विनिफ्रेडने डोकं जरा कलतं केलं.

"सुरुवातीच्या रेषेवर हा आवाज डाव्या कानामागे यायचा. मला मागे ने. अजून. आता उजवीकडे."

पुढच्या गाडीला त्यांनी पुन्हा ऐकलं, आणि त्याच्या पुढच्या गाडीलाही. शेवटी ट्रॉल्यांच्या शेडपासून जरा अलीकडे, लहान मुलं असलेल्यांसाठी राखलेल्या एका जागेवर तिने हात वर केला. श्रीकांतने खुर्चीचा ब्रेक लावला. विनिफ्रेडने फुटरेस्टवरून पाय उचलून दोन्ही तळवे डांबरावर टेकवले. म्हणाली, "जॅक."

बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "पळतेस?"

अलकाने कुर्त्याखाली ट्रॅक पँट घातलेलीच होती. श्रीकांत पावलं मोजत शंभर यार्ड पुढे गेला आणि मोबाइल काढून उभा राहिला. अलका विनिफ्रेडच्या शेजारी वाकली. डांबर गार आणि खरखरीत होतं.

"मी टाळी वाजवीन," विनिफ्रेड म्हणाली.

चौऱ्याण्णव वर्षांच्या हातांची टाळी कितीशी मोठी असणार? अलकाचा कान आपोआप ताणला गेला, आणि नागपूरचं ते मैदान पुढ्यात आलं, चुना, ऊन, आठ मुली. आता ऐकू येईल, आता, नसलेलं काहीतरी. तिने कान काढून घेतला आणि शेजारच्या श्वासाकडे लावला. विनिफ्रेडचा श्वास कोरडा होता, आत जाताना जरासा अडखळत होता. एक. दोन. तीन. चार.

पाचव्याच्या मध्यावर टाळी वाजली, कागद दुमडल्याएवढी.

अलका सुटली. पहिली पावलं जड पडली, मग जमीनच तिला पुढे ढकलायला लागली. पायाखालून पिवळे बाण गेले, पांढऱ्या चौकटी गेल्या, झेब्राचे पट्टे गेले. एक विमान खाली उतरत होतं. त्याची सावली मागून आली, तिच्या अंगावरून सरकली आणि पुढे निघून गेली, आणि त्या एका क्षणात सगळं इतकं निवांत होतं की तिला आपल्या केसांचा आवाज येत होता. चौसष्ट वर्षं कुठेच नव्हती. मग एकदम श्रीकांत समोर आला, आणि ती थांबू न शकल्यामुळे सरळ त्याच्या अंगावर आदळली.

"किती?" तिने धापा टाकत विचारलं.

त्याने मोबाइलकडे पाहिलं. "अगं, बटण दाबायचंच राहिलं."

"अहो!"

"तुला बघत होतो," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते.

ती चालत परत आली, तेव्हा विनिफ्रेड हात मांडीवर ठेवून बसली होती.

"तू टाळीनंतर निघालीस," ती म्हणाली. "चांगली उशिरा."

"हो."

"डावा पाय जरा ओढतेस. बाकी ठीक."

विनिफ्रेड पुढच्या फेब्रुवारीत गेली, झोपेतच. अंत्ययात्रेला अकरा माणसं होती. त्यातल्या चार तिच्या जुन्या विद्यार्थिनी, त्याही सत्तरीपुढच्या. अनुया केंब्रिजहून आली. वही अलकाच्या नावाने ठेवलेली निघाली. मायलेकींनी दोन दिवस बसून तिचं पानन् पान स्कॅन केलं, आणि मूळ वही लायब्ररीच्या स्थानिक इतिहासाच्या कपाटात दिली. स्कॅन करता करता अनुया मध्येच म्हणाली, "तू मला हे सगळं कधीच का नाही सांगितलंस?" अलका म्हणाली, "तू विचारलं असतंस तर बहुतेक खोटंच सांगितलं असतं." मग दोघी हसल्या. कार पार्कमधल्या त्या जागेबद्दल मात्र त्यांनी कुणालाच काही लिहून दिलं नाही.

जूनमध्ये अलका ज्येष्ठांच्या एका स्पर्धेत उतरली. साठीच्या गटात पाच बायका होत्या, ती चौथी आली. वेळ अठरा सेकंदांच्या जरा पुढे. श्रीकांतने या खेपेला बटण दाबलं होतं, आणि घरी जाऊन तो आकडा कॅलेंडरवर लिहिला. बूट सोडत ती गवतावर बसली होती तेव्हा पहिली आलेली बेव्हर्ली तिच्याकडे आली. ती त्रिनिदादहून आलेली, अडुसष्ट वर्षांची, जुनी नर्स.

"आम्हाला रिलेला चौथी हवीये. तुला जमेल?"

"मी आयुष्यात रिले पळलेली नाही."

"मग मंगळवारी ये, शिकवते."

आता मंगळवार तिचा तिकडेच जातो. बुधवार अजून लायब्ररीचा आहे. रिलेमध्ये अलकाला सगळ्यात जड जातं ते हे, की मागून येणारीकडून दांडी घ्यायला मागे न बघता हात मागे धरायचा आणि पळत सुटायचं. पहिले काही आठवडे ती हटकून मान वळवायची आणि बेव्हर्ली लांबून ओरडायची, "बघू नकोस! मी येतेय!" परवाच्या मंगळवारी हलका पाऊस होता, ट्रॅक लाल आणि ओला चमकत होता. अलकाने खुणेची रेषा ओलांडली, तळवा उघडा करून हात मागे नेला आणि पावसात तशीच पळत राहिली. मागून पावलं जवळ येत होती.